डिस्क वाढत गेल्या, डबे अडत गेले

लग्नाचं शूटिंग कॅसेटवर होत होतं तोवर फोटो स्टुडिओवाल्याला साठवणुकीची चिंता नव्हती. मिनीडीव्हीची कॅसेट भरली की तिच्यावर नवरा-नवरीचं नाव लिहायचं आणि कपाटात उभी करून ठेवायची. संगणकावर उतरवलेलं शूटिंग तासाला १३ जीबीच्या आसपास जागा घ्यायचं. एडिटिंग झालं, डीव्हीडी दिली, की ते पुसून पुढच्या लग्नाला जागा करायची. मूळ कॅसेट कपाटात होतीच. पुढे कॅमेऱ्यात कार्ड आलं आणि ही मूळ प्रत नाहीशी झाली. कार्ड उद्याच्या लग्नाला लागतं, त्यामुळे त्यातलं सगळं आजच उतरवून ठेवावं लागतं. बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाईच्या स्टुडिओंना संगणक जोडून देता देता मी या साठवणुकीचा सगळा प्रवास जवळून पाहिला. त्यात डिस्क कमी पडली असं क्वचितच झालं. नडला तो बहुतेक वेळा ती डिस्क ज्यात बसवायची तो डबा.

पहिली अडचण मदरबोर्डची होती. २००२च्या सुमारास हार्ड डिस्कच्या पत्त्यांची पद्धत बदलून ४८ बिटांची झाली. त्याआधीचे संगणक १३७ जीबीच्या पुढचं काही ओळखत नसत. १६० जीबीची डिस्क आणून जोडली तरी उरलेली जागा दिसायचीच नाही. जुन्या विंडोज एक्सपीलाही सर्व्हिस पॅक घातल्याशिवाय ती कळत नसे. तेव्हा आम्हाला वाटलं, हा एकदाचा अडथळा होता, संपला.

२००७मध्ये हिताचीने १ टीबीची डिस्क आणली, २००९मध्ये वेस्टर्न डिजिटलची २ टीबीची आली, २०१०मध्ये ३ टीबी. याच काळात नॅस हा शब्द आमच्याकडे पोचला. नॅस म्हणजे राउटरला वायरने जोडलेला, स्वतःचा छोटा प्रोसेसर असलेला डिस्कांचा डबा. स्टुडिओतले सगळे संगणक त्यातूनच काम उचलतात. दोन-चार डिस्क मिळून एक मोठी जागा तयार होते आणि त्यातली एक गेली तरी काम वाचतं. ही रेडची कल्पना १९८८मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कात्झ यांनी मांडलेली. नेटगिअरने २००७मध्ये इन्फ्रंट ही कंपनी घेतली आणि तिचा रेडीनॅस बाजारात जोरात आणला. एकेक डिस्क बदलत जागा वाढवता येते, हे त्याचं मोठं आकर्षण. पण त्यातले सुरुवातीचे डबे २ टीबीपेक्षा मोठी डिस्क घेतच नसत. त्यावर टीबीचे आकडे मोठ्या अक्षरात लिहिलेले असत आणि ही मर्यादा सुसंगत डिस्कांच्या यादीत, बारीक टाइपात. ती यादी आधी वाचायची असते हे स्टुडिओवाल्यांना पटवून द्यायला फार वेळ लागला. ‘चार खण आहेत ना? मग वाढेल की!’ असंच सगळे म्हणायचे.

त्या वर्षांत बीडमध्ये वाढीचा विचार करताना विजेचा विचार टाळता येत नव्हता. परळीत औष्णिक वीज केंद्र, आणि जिल्ह्यात तासन् तास भारनियमन. २०१२च्या अखेरीस राज्य भारनियमनमुक्त झाल्याचं जाहीर झालं, पण गळती आणि थकबाकी जास्त असलेले फीडर त्यातून वगळले होते आणि आमच्या जिल्ह्यातले बरेच फीडर त्यात बसत. २०१३च्या फेब्रुवारीत तर दुष्काळामुळे पाण्याअभावी परळीचं केंद्रच बंद करावं लागलं. नॅस घेणाऱ्याला मी तेव्हापासून सांगत आलो की इन्व्हर्टर आणि यूपीएस ही एकच गोष्ट नव्हे. इन्व्हर्टर डबा चालू ठेवतो, पण बॅटरी संपत आली हे त्याला कळवत नाही. यूएसबीची वायर जोडता येणारा यूपीएस ते कळवतो आणि डबा सगळ्या फाइली मिटवून स्वतःहून बंद होतो. लाइट गेल्यावर डेटा वाचतो की जातो, ते बऱ्याचदा या एका वायरीवर ठरतं.

मधेच २०११चा ऑक्टोबर आला. थायलंडमध्ये पूर आला, डिस्कांचे कारखाने पाण्यात गेले आणि काही आठवड्यांत भाव दुपटीच्या आसपास पोचले. त्या लगीनसराईत कित्येकांनी नवी डिस्क न घेता जुनी लग्नं पुसली. त्याचं वाईट आजही वाटतं, कारण ज्या घरातलं माणूस नंतर गेलं, ते लोक अशा चित्रीकरणाची चौकशी करत येतात.

सगळ्यात फसवी मर्यादा पुढची, १६ टीबीची. ४, ६, ८ टीबीच्या डिस्क आल्या. हिताचीच्याच वारसदार एचजीएसटीने २०१३मध्ये हेलियम भरलेली ६ टीबीची डिस्क काढली, आणि चार खणांच्या डब्यात २० टीबी सहज मावेल असा हिशेब लोक करू लागले. सायनॉलॉजी या कंपनीचे स्वस्त डबे तेव्हा बऱ्याच स्टुडिओंत होते. त्यांतल्या अनेकांत ३२ बिटांचा प्रोसेसर होता आणि त्यावर एक सलग व्हॉल्यूम १६ टीबीच्या पुढे जात नाही. डिस्क ओळखली जाते, चालते, तरी जागा तिथेच थांबते. आणखी वाईट म्हणजे अशा डब्यावर तयार केलेलं व्हॉल्यूम डिस्कांसकट ६४ बिटांच्या नव्या डब्यात नेलं तरी जन्माची मर्यादा घेऊनच जातं. मग सगळं दुसरीकडे उतरवा, नव्याने व्हॉल्यूम बांधा आणि परत भरा, एवढाच मार्ग उरतो. म्हणून आजही कुणी जुना डबा स्वस्तात मिळतोय म्हणाला, की खण किती हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो प्रोसेसर कोणता.

वाढवण्याच्या रीतीतही फरक असतो. समजा चार खणांत प्रत्येकी २ टीबीच्या डिस्क आहेत. साध्या रेड ५मध्ये चारही बदलेपर्यंत नव्या मोठ्या डिस्कचे २ टीबीच वापरात येतात. सायनॉलॉजीच्या मिश्र रेडमध्ये पहिली ८ टीबीची बसवली तर जागा वाढत नाही, पण दुसरी बसवली की वापरायची जागा ६ वरून १२ टीबी होते. ज्याचं उत्पन्न तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतं आणि पावसाळ्यात आटतं, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे, कारण चार डिस्क एकदम घेणं त्याला परवडत नाही. झेडएफएस ही फाइल पद्धत वापरणाऱ्यांना तर तिच्या रेड-झेडमध्ये एक डिस्क वाढवण्याची सोय थेट जानेवारी २०२५मध्ये मिळाली.

ड्रोबोचं नाव इथे घ्यायलाच हवं. २००७मध्ये आलेला हा डबा कुठल्याही आकाराच्या डिस्क आनंदाने घ्यायचा आणि वापरायला सगळ्यात सोपा होता. पण आत माहिती लिहिण्याची त्याची पद्धत त्याची एकट्याची. जून २०२२मध्ये त्याच्या मालक कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, २०२३मध्ये ती मोडीत निघाली. डबा बिघडला तर त्या डिस्क वाचायला दुसरा ड्रोबोच लागतो, आणि तो आता बनत नाही. साध्या लिनक्स रेडच्या डिस्क मात्र लिनक्स चालणाऱ्या कुठल्याही संगणकाला लावून वाचता येतात. निवडताना मी या गोष्टीला वेगापेक्षा जास्त वजन देतो.

डिस्क सरसकट निर्दोष होत्या असंही नाही. एप्रिल २०२०मध्ये उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या ‘रेड’ (लाल) नावाच्या मालिकेत २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या होत्या आणि तसं कुठे सांगितलेलं नव्हतं. या पद्धतीत घरावरच्या कौलांप्रमाणे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या वापरात हे जाणवत नाही. बदललेली डिस्क भरून निघत असते, नेमकं तेव्हाच ती अडते. त्यानंतर कंपनीने साध्या, म्हणजे सीएमआर पद्धतीच्या डिस्कना रेड प्लस असं वेगळं नाव दिलं. नॅससाठी डिस्क घेताना सीएमआर लिहिलेलं पाहूनच घ्यावी.

आणि मग २०२५. तांत्रिक मर्यादा बऱ्यापैकी मागे पडल्या होत्या, ३० टीबीपर्यंतच्या डिस्क आल्या होत्या, आणि एप्रिलमध्ये सायनॉलॉजीने जाहीर केलं की प्लस मालिकेच्या त्या वर्षीच्या नव्या डब्यांत आपली किंवा आपण प्रमाणित केलेली डिस्कच पूर्णपणे चालेल. यात प्रोसेसरचा किंवा फाइल पद्धतीचा काही संबंध नव्हता, निव्वळ कंपनीचा निर्णय होता. बीडमध्ये त्या नावाच्या डिस्क मागवून आणायच्या, वाट बघायची, आणि ऐन सराईत एक गेली तर करायचं काय? जगभरातून ओरड झाली आणि ऑक्टोबरमध्ये नव्या सॉफ्टवेअरसोबत ही अट मागे घेतली गेली. जे मागे घेता येतं ते पुन्हा लावताही येतं, असं मला तेव्हापासून वाटतं. त्यामुळे सुसंगत डिस्कांच्या यादीबरोबर मी आता कंपनीच्या अटीही वाचून घेतो.

आज तीन कॅमेरे, फोर-के, सेकंदाला १०० मेगाबिट असं शूटिंग धरलं तर प्रत्येक कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी होतात. सहा तासांच्या लग्नाचे आठशे जीबीच्या वर. ते क्लाउडवर चढवायला ५० मेगाबिटची लाइन न तुटता चालली तरी दीड दिवस लागतो, आणि दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न असतं. म्हणजे डबा हवाच. पण १८ टीबीची एक डिस्क बदलली तर सेकंदाला १८० एमबीच्या वेगानेही ती भरून निघायला सत्तावीस-अठ्ठावीस तास जातात, स्टुडिओ चालू असेल तर आणखी. २ टीबीच्या काळात हे काम चार-पाच तासांत उरकायचं. मे महिन्यात, चाळीस अंशांच्या वर पारा असताना, उरलेल्या डिस्कांनी एवढा वेळ दम धरावा लागतो.

म्हणून सध्या मी चार खणांचा, ६४ बिटांचा डबा सुचवतो. सुरुवातीला दोनच मोठ्या डिस्क एकमेकींची प्रत म्हणून बसवायच्या आणि दोन खण रिकामे ठेवायचे. यूपीएसची वायर पहिल्याच दिवशी जोडून, मेन स्विच बंद करून बघायचं, डबा खरंच आपोआप बंद होतो का. जुना दोन खणांचा डबा विकायचा नाही. दिलेल्या कामाची दुसरी प्रत त्यात टाकून तो घरी न्यायचा, दुकानात ठेवायचा नाही. आणि तिसरी डिस्क घ्यायची ती जागा नव्वद टक्के भरल्यावर नाही तर सत्तर टक्क्यांना, सराई सुरू व्हायच्या आधी, दिवाळीच्या आसपास, म्हणजे वाढवण्याचं काम स्टुडिओ मोकळा असतानाच संपतं.