मुख उघडले, वाळूची वाट मोडली

वाळूच्या लांबट दांड्याने समुद्रापासून वेगळे झालेले आणि एखाद-दुसऱ्या मुखानेच त्याच्याशी जोडलेले उथळ सरोवर म्हणजे खाजण किंवा लगून. ओडिशातील चिलिका हे भारतातील सर्वांत मोठे खाजण असून विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची अवस्था बिकट झाली होती. समुद्राकडे जाणारा त्याचा जलमार्ग किनाऱ्याला समांतर असा सुमारे ३२ किलोमीटर लांब झाला होता आणि गाळाने भरत चालला होता. त्यामुळे भरतीचे पाणी आत पुरेसे पोहोचेना, पाण्याचा खारेपणा उतरला, गोड्या पाण्यातील तण माजले आणि मासळी आटली. पुण्याजवळील खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने केलेल्या प्रतिकृती-अभ्यासाच्या आधारे २३ सप्टेंबर २००० रोजी सिपाकुडा येथे दांडा कापून नवे मुख उघडण्यात आले. समुद्राचे अंतर १८ किलोमीटरने कमी झाले आणि वर्षाला १७०० टनांच्या आसपास उतरलेली मासळी २००१-०२ मध्ये सुमारे १२ हजार टनांवर गेली. सरोवराला झालेला हा लाभ निर्विवाद आहे. तथापि त्याच मुखाचा समुद्राकडील पुळणीवर काय परिणाम होतो, हा प्रश्न सरोवराच्या कौतुकात मागे पडतो आणि तो मागे पडू नये इतका महत्त्वाचा आहे.

लाटा किनाऱ्यावर बहुधा तिरप्या येतात. फुटलेली लाट वाळूचा कण तिरपा वर ढकलते, परतणारे पाणी त्याला उतारावरून सरळ खाली आणते आणि अशा नागमोडी चालीने तो कण किनाऱ्याच्या कडेकडेने पुढे सरकत राहतो. या क्रियेला किनाऱ्यालगतचे वाळूवहन म्हणतात. ओडिशाच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी काळातील लाटांचा जोर अधिक असल्याने, हिवाळ्यात काही वाळू उलट दिशेने जात असली तरी वर्षअखेर शिल्लक राहणारे वहन ईशान्येकडे होते आणि त्याचे प्रमाण वर्षाला दहा लाख घनमीटरच्या घरात असल्याचे मानले जाते. पुळण स्थिर दिसते ती तिथली वाळू हलत नाही म्हणून नव्हे, तर जेवढी वाळू जाते तेवढीच मागून येते म्हणून.

मुख उघडताच या वाटेत खंड पडतो. भरतीचा प्रवाह काही वाळू आत ओढतो आणि तिचे उथळे खाजणाच्या तोंडाशी साचतात. ओहोटीचा प्रवाह अरुंद मुखातून वेगाने बाहेर पडतो, मोकळ्या समुद्रात पसरताच त्याचा वेग मरतो आणि हातची वाळू तिथेच टाकून देतो, त्यामुळे मुखाबाहेर चंद्रकोरीच्या आकाराचा बुडीत उथळा तयार होतो व किनाऱ्यापासून दूर, भर पाण्यात लाटा फुटू लागतात. भरतीगणिक मुखातून आत-बाहेर होणारे पाणी जितके अधिक, तितका हा उथळा मोठा. तो भरेपर्यंत येणारी बरीचशी वाळू तिथेच अडकते आणि वहनाच्या पुढच्या बाजूची पुळण उपाशी राहते. तो भरल्यावरच वाळू त्याच्या कडेने वळसा घेऊन पलीकडे उतरू लागते. शिवाय या उथळ्यावरून येताना लाटा वळतात, त्यामुळे मुखाच्या अगदी जवळ वाळूचा ओघ उलटा फिरून तेवढ्या भागात पुळण रुंदावते, तर थोड्या अंतरावर धूप चालूच असते. केवळ मुखाशेजारची पुळण पाहून काढलेला निष्कर्ष म्हणूनच फसवा ठरतो.

चिलिकेचे मुखही उघडले तिथे थांबले नाही. दक्षिणेकडून येणाऱ्या वाळूने एका काठाचा दांडा वाढत गेला, समोरचा काठ झिजत गेला आणि मुख ईशान्येकडे सरकले. पुढे २००८ मध्ये गबकुंड येथे दांडा नैसर्गिकरीत्या फुटला आणि २०१९ च्या फणी चक्रीवादळात आणखी मुखे उघडली. मुख सरकणे, जलमार्ग लांबणे, तो गाळाने भरणे आणि दांडा नव्या जागी फुटणे हे चक्र अशा किनाऱ्यांचा स्वभावच आहे.

मुख एका जागी बांधून ठेवण्यासाठी दोन्ही बाजूंनी समुद्रात दगडी बांध काढले, तर एका बाजूला वाळूचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला धूप हा परिणाम अधिकच तीव्र होतो. धूप थांबवण्यासाठी उभारलेली दगडी भिंत मागची जमीन वाचवते, पुढची पुळण नव्हे. यापेक्षा शहाणपणाचा मार्ग म्हणजे मुखातून उपसलेली वाळू खोल समुद्रात न टाकता वहनाच्या पुढच्या बाजूच्या पुळणीवर टाकणे, कारण ती वाळू मुळात त्याच पुळणीच्या वाट्याची असते. ओडिशात मुख उघडण्याचा निर्णय योग्यच होता, परंतु पाण्याबरोबर वाळूचाही हिशेब मांडल्याशिवाय असा निर्णय पुरा होत नाही.

कोकणात वर्षअखेरचे निव्वळ वाळूवहन पूर्व किनाऱ्याच्या मानाने कमी असल्याने परिणामांचे स्वरूप सौम्य असते, मात्र कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागसारख्या गावांना खाडीमुखातील प्रत्येक बदल जाणवतो. तेथे खाडीतील वाळूचा उपसा आणि समुद्राकडील धूप यांचा विचार वेगवेगळ्या कागदांवर न होता एकत्र व्हायला हवा, कारण खाडीतला उथळा आणि समोरची पुळण यांची वाळू एकच आहे.