गुरुवारचा बाप

पिंपरीत १९५४ साली पेनिसिलीनचा सरकारी कारखाना आला; मग टेल्को, बजाज करीत कारखान्यांची रांग थेट चाकणला भिडली. पाठोपाठ बिऱ्हाडे आली आणि बिऱ्हाडांमागून शाळा. त्यांतल्याच एका कॅथलिक प्राथमिक शाळेत परवा आकाशकंदील करण्याचा कार्यक्रम होता. नाताळच्या गोठ्याला अजून अवकाश. तूर्त पोरांचे हात खळीने बरबटलेले!

प्रत्येकाने घरचे एक माणूस आणायचे होते. आज्या आल्या, आया आल्या. बापलोक बोटांवर मोजण्याइतके. २०११ च्या शुल्क कायद्याने खासगी शाळांना पालक-शिक्षक संघ सक्तीचा केला; त्याच्या समितीवर पालक घेतात तेही चिठ्ठ्या टाकून. पण चिठ्ठीत नाव निघाले म्हणून रजा थोडीच निघते? कंत्राटी कामगाराचा खाडा म्हणजे रोज बुडाला.

एक गृहस्थ रात्रपाळी करून तसेच आले होते. डोळे तांबारलेले. पण कामट्यांची गाठ अशी पक्की मारीत, की बाईंनी निम्मा वर्ग त्यांच्याकडेच पिटाळला. "काका, माझापण!" त्यांची दुसरीतली लेक शेजारी ऐटीत उभी.

निघताना ते मुख्याध्यापिकांना म्हणाले, "सिस्टर, आमच्याकडं सुट्टी गुरुवारची. रविवारी पोरगी घरी, तर मी कामावर. एखादी सभा गुरुवारी ठेवा की!"

इकडच्या कित्येक कारखान्यांत ही गुरुवारची सुट्टी आहे, हे मलाही नव्यानेच कळले. सिस्टरांनी भिंतीवरचे कॅलेंडर उतरवले आणि पेन्सिल मागितली.