हाताला ठाऊक, कागदाला नाही

हजेरीपटावर अकरा सह्या होत्या. अकराही जणींनी टर्मिनल बसवण्याचं प्रशिक्षण घेतलेलं, नव्वद स्लाइड पाहिलेल्या, शेवटच्या चाचणीत सगळ्या पास. तरीही कस्टमरकडून तक्रार आली: गाडीतल्या हार्नेसमधलं एक टर्मिनल कनेक्टरमधून मागे सरकलं होतं.

चाकणच्या ज्या कारखान्यात मी ट्रेनिंग बघतो, तिथे गाड्यांचे वायरिंग हार्नेस, म्हणजे वायरींचे जुडगे, बनतात. वायरच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा बारीक तुकडा म्हणजे टर्मिनल. तो प्लास्टिकच्या कनेक्टरच्या खणात सारला की आतली पकड त्याला धरते आणि टक् असा आवाज होतो. अर्धवट बसलेलं टर्मिनल फसवं असतं. टेस्टिंग बोर्डावर त्यातून वीज वाहते, तपासणी पास होते. पुढे रस्त्यावरच्या हादऱ्यांनी ते हळूहळू निसटतं.

चौकशीत मी हजेरीपट पुढे केला. ‘ट्रेनिंग झालंय’ एवढंच त्यातून सिद्ध होत होतं.

मग लाइनवर जाऊन उभा राहिलो. तिथे खेड तालुक्यातल्या एक ताई आहेत, सतरा वर्षांच्या नोकरीच्या. त्यांच्या बोर्डावर हा दोष सापडल्याचं कुणाला आठवत नाही. म्हटलं, “ताई, तुम्ही वेगळं काय करता?”

“काही नाही सर. शीटवर लिहिलंय तेच.”

मोबाइलवर त्यांच्या हातांचं चित्रण केलं आणि संथ गतीने लावलं. टर्मिनल आत गेलं, टक् झालं, आणि पुढची वायर उचलण्याआधी त्यांची चिमूट किंचित मागे आली. वायर हलकेच ओढली गेली आणि सुटली. प्रत्येक वेळी. नुसत्या डोळ्यांना हे दिसतच नव्हतं, इतका त्यांचा हात झरझर चालतो.

“अगं बाई, हे मी करते?” त्यांनी मोबाइल हातात घेऊन पुन्हा पाहिलं. मग आठवून म्हणाल्या, “नवी होते तेव्हा एक वायर बसली म्हणून सोडली आणि हातातच आली. तेव्हापासून हात आपोआप जात असेल.”

काम कसं करायचं ते सांगणाऱ्या आमच्या शीटवर एकच ओळ होती: ‘टर्मिनल लॉक झाल्याची खात्री करावी.’ खात्री कशी करायची हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं, आणि जिला ठाऊक होतं तिला कुणी विचारलं नव्हतं. लिहिणारा मीच होतो.

या दुखण्यावर औषध जुनंच आहे. 1940 साली अमेरिकेत युद्धसामग्रीचे कारखाने नवख्या कामगारांनी भरू लागले, तेव्हा ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची सरकारी योजना निघाली. दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत सुपरवायझरना शिकवायचं कसं, ते शिकवत. पुढे ही पद्धत जपानी कारखान्यांत रुजली. तिच्या पहिल्याच बैठकीत एक गाठ असते. विजेच्या दिव्याच्या होल्डरमध्ये दोन वायरींची ती मारतात, म्हणजे बाहेरून वायर ओढली गेली तरी ताण स्क्रूवर येत नाही.

ती बैठक मी आमच्या लाइन लीडरांसाठी घेतली. आधी गाठ नुसती तोंडाने सांगितली. कुणालाच जमली नाही. मग एक शब्द न बोलता मारून दाखवली. तरी जमली नाही; समोर बसलेल्यांना तर ती उलटीच दिसत होती. तिसऱ्यांदा एकाला शेजारी बसवलं, टप्प्याटप्प्याने करून दाखवली, प्रत्येक टप्प्यावर नेमकं काय सांभाळायचं आणि ते का, हे सांगितलं. मग त्याच्याकडून करवून घेतली आणि करता करता ‘काय, कसं, का’ त्यालाच बोलायला लावलं. तेव्हा जमली. मागून एक जण पुटपुटला, “म्हणजे आजपर्यंत आम्ही पोरांना नुसतं ओरडतच होतो.”

त्यानंतर आमच्या शीटला तीन रकाने आले: काय, कसं, का. ताईंना शेजारी बसवून ते भरले. ‘कसं’मध्ये आलं: चिमटीत धरून हलकेच ओढा, हिसका नको, जोर जास्त झाला तर क्रिम्पिंग, म्हणजे वायरवर दाबलेला जोड, ढिलं होतं. ताईंच्या हातांची चाळीस सेकंदांची फिल्म केली, आवाजही त्यांचाच. हिंदी आवाज झारखंडहून आलेल्या एका ऑपरेटरने दिला. लाइनवर ऑपरेटरना मोबाइलची बंदी, म्हणून ट्रेनिंगच्या टेबलावर एक जुना टॅब्लेट बांधून ठेवला.

ही फिल्म पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त कामी येते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, किती विसरलो ते मोजलं आणि 1885 साली प्रसिद्ध केलं. विसरण्याचा वेग सुरुवातीलाच सर्वांत जास्त असतो. आम्ही मात्र पहिल्या दिवशी सहा तास बसवून माणूस थेट लाइनवर सोडत होतो. आता रोज पंधरा मिनिटं, आठवडाभर. तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी डमी बोर्ड पुढे ठेवतो. त्यात काही टर्मिनलं मुद्दाम अर्धवट बसवलेली असतात. ती डोळ्यांनी नाही, हातानेच ओळखायची.

मधे एक जण व्हीआर हेडसेट घेऊन आला होता. आग विझवण्याच्या सरावासाठी ते आवडलं. खरी आग काही रोज लावता येत नाही. पण टर्मिनलची पकड बोटांना कशी जाणवते, ते त्या चष्म्यात नव्हतं. त्यासाठी भंगारातले कनेक्टर पुरतात.

पूर्वी ट्रेनिंग संपलं की आम्ही एक फॉर्म भरून घेत असू: ट्रेनिंग आवडलं का? डोनल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये ट्रेनिंग जोखण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, कामात उतरलं का, कामाला फायदा झाला का. आमचा फॉर्म पहिल्याच पायरीवर बसून होता.

परवा नव्या तुकडीतल्या परभणीच्या मुलीला तिसऱ्या दिवशी विचारलं, “टक् झालं ना? मग ओढायचं कशाला?”

“अर्धवट बसलं असेल तर कळतं.”

“पण टक् ऐकू आलं की.”

ती जरा थांबली. शेजारच्या बोर्डाकडे बघत म्हणाली, “सर, इथं आठ जणी बसतो. टक् तिचं असतं आणि मला वाटतं माझंच.”

मी शीट आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. ‘का’च्या रकान्यात आता दोन ओळी आहेत. दुसरीचं अक्षर तिचं आहे.