तलाव बांधणारे कोहळी : पाळ त्यांची, पाणी गावाचं, आता गाळ कोणाचा?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत जुने मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी. यातले बरेच तलाव कोहळी समाजाने बांधले. समाज संख्येने लहान, पण पाण्याचा उतार ओळखण्यात हुशार.

गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधील, त्याला त्या पाण्याखालची जमीन मिळायची, असं जुने लोक सांगतात. म्हणून कोहळ्यांनी टेकड्यांच्या मधात मातीच्या पाळी घातल्या आणि खाली धान अन् ऊस पिकवला. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगावबांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं मानतात.

तलावाची रचना साधी आहे. पाळ पाणी अडवते, तुडुमातून पाणी बांधीत जातं आणि जास्तीचं पाणी सलंगावरून निघून जातं. वरचा तलाव भरला की खालचा भरतो. उन्हाळ्यात गाळ काढायचा, पाळ दुरुस्त करायची, हे काम गावच करायचं.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. जमीनदारी संपली हे चांगलंच झालं, पण त्याबरोबर देखभालीची जुनी घडीही मोडली. पाणीपट्टी आली. तलाव सरकारचा, मग गाळ आपण कशाला काढायचा, असं लोक म्हणू लागले. गाळ साचला, बेशरम माजली, बुडीत जागेत अतिक्रमण झालं.

आज कोहळी शेतकरी धानच पिकवतो. काहींनी बोअर मारली, पोरं नोकरीसाठी नागपूरला गेली. पण रोवणी झाल्यावर पावसाने दडी मारली किंवा धान गर्भात असताना शेवटचं पाणी चुकलं, तर तलावच कामी येतो. तलाव उथळ झाला की तेच एक पाणी कमी पडतं आणि हातचा धान जातो. ढिवर बांधवांची मासेमारीही याच पाण्यावर आहे.

२०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. गाळ बांधीत टाकला की जमीन सुधारते. त्यासाठी ग्रामसभेत ठराव घ्या. गाळ काढताना पाळीचा पायथा खोदू नका, अन् सलंग बुजवू नका. सलंग बुजला तर पाणी पाळीवरून जातं, आणि पाळ फुटली तर खालच्या सगळ्या बांध्या वाहून जातात.