यकृतातील दुर्मीळ गाठ ओळखताना

यकृतात द्रवाने भरलेल्या पिशव्या, म्हणजेच सिस्ट, अनेकांना असतात आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असल्याने उपचारांची गरज पडत नाही. क्वचित मात्र अशी पिशवी श्लेष्मा, म्हणजे बुळबुळीत स्राव, तयार करणाऱ्या पेशींची गाठ निघते. पूर्वी तिला ‘बिलिअरी सिस्टॅडिनोमा’ म्हणत, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या वर्गीकरणापासून ‘म्युसिनस सिस्टिक निओप्लाझम’ हे नाव रूढ झाले. ती जवळजवळ नेहमी स्त्रियांमध्ये, विशेषतः मध्यमवयात आढळते आणि तिच्या भिंतीत अंडाशयातील ऊतीसारखी दाट ऊती दिसणे, ही सूक्ष्मदर्शकाखाली पटणारी तिची ओळख होय.

सोनोग्राफीत पडदे किंवा जाड भिंत दिसल्यास एमआरआय करतात. पडदा जेथून निघतो तेथे गाठीची बाहेरील कड आत दबलेली नसेल, तर संशय बळावतो आणि पडद्यांसोबत ठळक मांसल उंचवटे असतील, तर कर्करोगाची शंका घ्यावी लागते. कुत्र्यांच्या विष्ठेतील फीतकृमीच्या अंड्यांमुळे होणारी हायडॅटिड सिस्टही अशीच भासू शकत असल्याने रक्ततपासणीने तीही पडताळणे आवश्यक ठरते.

सुईने द्रव काढल्यास किंवा पिशवीचा केवळ काही भाग कापल्यास ही गाठ पुन्हा वाढते आणि उरलेल्या पेशींत कर्करोग उद्भवण्याचा धोका राहतो. म्हणून ती संपूर्ण काढणे हाच खरा उपचार असून, वेळीच तसे केल्यास कर्करोग नसलेल्या गाठीच्या रुग्णाचे भवितव्य उत्तम असते.