आंबील ओढ्याचा हिशोब

कात्रजच्या डोंगरावर पडलेला पाऊस मुठेला मिळतो तो आंबील ओढ्यातून. कात्रजचे तलाव, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर, पर्वतीचा पायथा, दांडेकर पूल अशी ही दहा-एक किलोमीटरांची वाट. एरवी पुलावरून खाली पाहिले तर दिसते ते काळपट पाणी, त्यावरचा फेस आणि काठच्या झुडपांत अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. रोज हजारो पुणेकर हा ओढा ओलांडतात. त्यातल्या फार थोड्यांची नजर खाली जाते.

एके काळी पेठांची तहान याच ओढ्याने भागवली. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला त्याचे पाणी अडवले. वरच्या तळ्यात गाळ बसायचा, निवळ पाणी खालच्या तळ्यात उतरायचे आणि तिथून दगडी नळातून, निव्वळ उताराच्या जोरावर, शनिवारवाड्यापर्यंत पोचायचे. वाटेत हवेसाठी उच्छ्वास बांधले होते. पेठांतले हौद या पाण्याने भरत. पेशव्यांनी ओढ्याचे पात्रही वळवले. त्याआधी तो आजच्या पेठांच्या भागातून वाहत होता. मात्र पात्र हलवताना त्यांनी पाण्याला थांबायला जागा दिली, पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले. पुढे ते तळे आटवून तिथे सारसबाग झाली. बागेतल्या सिद्धिविनायकाला लोक अजून 'तळ्यातला गणपती' म्हणतात.

आज या ओढ्याचे पाणी कोणी पीत नाही, म्हणून तो निरुपयोगी ठरला. पण निसर्ग माणसासाठी जी कामे फुकट करतो, त्यांना अभ्यासक 'परिसंस्था सेवा' म्हणतात, आणि पिण्याचे पाणी ही त्यातली एकच सेवा. पूर सांभाळणे, पाणी मुरवणे, घाण जिरवणे, हवा गार ठेवणे, जीवांना आसरा देणे ही बाकीची कामे. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या २००५ च्या सहस्रक परिसंस्था मूल्यमापनानंतर अशा सेवांची मोजदाद जगभर गांभीर्याने होऊ लागली. मोठ्या नद्या, जंगले, खाड्या त्यात आल्या. गल्लीमागचा ओढा मात्र बहुतेक वेळा सुटतो.

पुराचे गणित तर शाळेतले आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पडला, की दहा कोटी लिटर. उतारावर माती आणि गवत असेल तर त्यातले बरेच पाणी मुरते, उरलेले सावकाश येते. डांबर, फरशी आणि पत्रे असतील तर जवळजवळ सगळे एकदम येते, आणि ते वाहून न्यायला असतो एकटा ओढा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तेच झाले. तो पूर धरणाच्या विसर्गाचा नव्हता, ओढ्याच्या स्वतःच्या पाणलोटात कोसळलेल्या पावसाचा होता. अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगर या भागांत पाणी घरांत घुसले, भिंती कोसळल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या, माणसे गेली. पात्रात भराव टाकून, काठावर सीमाभिंती घालून, मोऱ्या अरुंद करून वाचवलेल्या जागेची किंमत त्या रात्री मोजावी लागली. ज्यांनी ती मोजली त्यांतले बरेच जण त्या जागेचे लाभार्थी नव्हते.

पाणी साफ करण्याचे काम डोळ्यांनी पाहता येते. जिथे तळाला अजून कातळ आणि गोटे आहेत, तिथे एखादा दगड हाताने चाचपून पाहावा. तो बुळबुळीत लागतो. तो थर शेवाळाचा आणि सूक्ष्मजीवांचा. पाण्यातली सेंद्रिय घाण खाऊन हे सूक्ष्मजीव जगतात. दगडांवरून उड्या मारत जाणाऱ्या पाण्यात हवा मिसळते, ती या जिवांना लागते. धोबी पक्षी शेपटी हलवत दगडांच्या कडेने किडे टिपत असतो. सांडपाण्याचा लोट अंगावर आला की ही फौज गुदमरते हे खरे, पण तळ सिमेंटने बांधला की तिला राहायला जागाच उरत नाही. पाणी मुरणेही तिथेच संपते. पुण्याखालच्या बेसॉल्टमध्ये पाणी शिरते ते भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून. ओढ्याचा उघडा तळ हे त्यातले एक दार आहे.

पुरानंतर उपाय म्हणून पुढे आले ते उंच भिंती आणि सरळ पात्र. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत त्यासाठी घरे पाडायला सुरुवात झाली. लोक रस्त्यावर उतरले आणि कारवाई थांबवावी लागली. जिथे धोका खरोखर आहे तिथे भिंत हवी, याबद्दल वाद नाही. पण वळणे काढली की पाण्याचा वेग वाढतो आणि वरच्या वस्तीचे संकट खालच्या वस्तीवर जाते. भिंतीच्या मीटरमागे किती खर्च येतो हे निविदेत लिहिलेले असते. उघडा तळ गेल्याने किती पाणी मुरायचे थांबले, किती पूर वाढला, हा खर्चही त्याच कागदावर यायला हवा. तो मांडल्याशिवाय कोणत्याही ओढ्यात सिमेंट ओतू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओढ्याकाठी राहणाऱ्यांनी एवढे तरी करावे. आपल्या सोसायटीची सीमाभिंत पात्रात किती शिरली आहे आणि आपले सांडपाणी कुठे जाते, ते पाहावे. पावसाळ्याआधी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन मोऱ्या साफ झाल्या का, हे लेखी विचारावे. आणि नवे घर घेणाऱ्याने सॅम्पल फ्लॅट पाहण्याआधी विकास आराखड्यात ओढ्याची रेघ कुठून जाते, ते शोधावे.