शांततावाद म्हणजे गप्प बसणं का? संशोधनाचा प्रश्न नेमका कसा करायचा

‘ख्रिस्ती धर्म आणि शांततावाद’ असा विषय घेऊन तुम्ही गाइडकडे गेलात, तर पहिला प्रश्न येईल: कुठला शांततावाद? कारण या शब्दात दोन प्रश्न मिसळलेले असतात. वाईटाचा प्रतिकार करायचा का? आणि करायचा तर कोणत्या साधनांनी? आधी हे दोन वेगळे करा.

वादाच्या मुळाशी मत्तयच्या शुभवर्तमानातलं ५:३९ हे वचन आहे. तिथे दुष्टाच्या प्रतिकाराला नकार आहे, आणि दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय. वॉल्टर विंक या अभ्यासकाचं म्हणणं असं की, तिथलं मूळ ग्रीक क्रियापद लढाईच्या संदर्भात वापरलं जाई. म्हणून नकार आहे तो हिंसक प्रतिकाराला. हे सगळ्यांना पटलेलं नाही, पण तुम्हाला ते टाळता येणार नाही.

यातून ढोबळमानाने तीन भूमिका निघतात.

१. बळाने प्रतिकारच नको. १५२७ च्या श्लाइटहाइम जाहीरनाम्यात ॲनाबॅप्टिस्टांनी मांडलं की, तलवार राज्यसत्तेसाठी आहे. ख्रिस्ताच्या अनुयायाने ती हाती घेऊ नये.

२. प्रतिकार हवा, हिंसा नको. भिवंडीला लागून असलेल्या वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’ चळवळीतून जमीन आणि पाण्यासाठी रस्त्यावर उतरले, ते याच वाटेने.

३. शेजाऱ्याला वाचवायला मर्यादित बळ चालेल. ऑगस्टीनपासून ही परंपरा आहे. १९४० मध्ये, हिटलरचं युद्ध सुरू असताना, राइनहोल्ड नीबूर यांनी शांततावादावर टीका केली ती याच बाजूने.

आता या तिन्ही भूमिका भिवंडीवर लावून बघा. इथे १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू, मुसलमान आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडल्यावर मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली.

हा काही ख्रिस्ती प्रयोग नव्हता. पण कसोटी म्हणून फार उपयोगी आहे. पहिल्या भूमिकेचा माणूस पोलिसांसोबत कमिटीत बसेल का? दुसऱ्या भूमिकेला विचारा: काठी बाळगणारा पोलीस शेजारी असताना याला अहिंसक म्हणायचं का? तिसरीला विचारा: शांतता टिकली ती काठीच्या धाकाने की ओळखीने?

आणखी एक गोष्ट. शांततावादावरचा वाद बहुतेक वेळा ‘जमाव दारात आला तर काय कराल?’ इथेच अडकतो. भिवंडीतलं काम त्या क्षणाच्या चार वर्षं आधी सुरू झालं होतं. ग्लेन स्टासेन या ख्रिस्ती नीतिशास्त्रज्ञानेही १९९२ च्या पुस्तकात भर दिला तो युद्ध टाळणाऱ्या आधीच्या कृतींवर.

मात्र एक सावधगिरी बाळगा. ‘कमिट्या होत्या आणि शांतता राहिली’ हे निरीक्षण झालं. ‘कमिट्यांमुळेच राहिली’ हा दावा आहे. त्याला वेगळा पुरावा लागतो. यंत्रमागाच्या धंद्यातले दोन्ही समाजांचे व्यवहार हेही कारण असू शकतं, ते तपासावं लागेल.

त्यामुळे प्रस्तावात ‘ख्रिस्ती शांततावाद योग्य की अयोग्य’ असं लिहू नका. त्याऐवजी लिहा: ‘पोलिसांचं बळ वापरणं ही हिंसा आहे का, याचं या तीन परंपरा काय उत्तर देतात?’ एवढ्या प्रश्नावर तीन वर्षं सहज काम करता येईल.